पाणी ओतण्याचा पाठ

फुलपात्राच्या काठाशी पाणी येऊन थांबलं होतं... आता सांडेल, सांडेलच... आणि अंजनाची नजर त्या काठावरून हलत नव्हती. बालवर्गात ओतण्याचा पाठ चालला होता. आधी चिंचोके, मग मुगाची डाळ, आणि दोन्ही न सांडता जमलं की मगच पाणी, अशी तिची शिस्त. बेलवलीतल्या नळाचं काही खरं नसे. आज तिनं त्यात खेळ घातला होता. बाई पाहुण्या, आणि मुलांनी पाहुण्यांना पाणी द्यायचं.

पाळी चिमीची होती. चार वर्षांची, फ्रॉकच्या बाहीला नाक पुसणारी. तिनं लोटीतून फुलपात्र काठोकाठ भरलं आणि ते बाईंच्या हातात न देता अर्धं पाऊल मागं सरून हात उंच केला. "धरा," ती म्हणाली.

खेळच होता. अंजनानं ओंजळ धरली, धार पडली, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "शाबास! एक थेंब सांडला नाही."

मग तिला कळलं, आपण कशाला शाबास म्हटलं ते.

मनगटं एकमेकांना टेकलेली, मान खाली... आई गयाबाईच्या शेजारी ती अशीच उकिडवी बसायची, कापणीच्या दिवसांत, देशावरच्या गावात, त्या मोठ्या घराच्या पायरीखाली. वरून धार यायची आणि गळ्यापर्यंत पोलकं भिजायचं, कारण ओतणाऱ्या बाईचं लक्ष पाण्याकडे नसायचं, तांब्या कुठं लागत तर नाही ना याकडे असायचं. बापानं, सोमानं, छप्पन साली दीक्षा घेतल्यावर ओंजळ सोडली ती सोडलीच. स्वतःचा तांब्या दोरीनं कमरेला बांधून तो कामाला जाई, लोक हसत, हसू देत. पण आजी जनाबाई, जुनं खोड, पोरीचा दंड धरून दटावायची... "हात लागू देऊ नको गं, पोरी, त्येंच्या हाताला. इटाळ त्येंचा आन् मार आपला."

"बाई, मी पन! मी पन वरून वतनार!" किसन ओरडला, आणि बघता बघता सगळा वर्ग रांगेत उभा. शाबासकीला चटावलेली पोरं.

अंजनानं चिमीला जवळ बोलावलं. "असं वरून कोण देतं गं पाणी?"

"आजी देतं."

"कुणाला?"

"पायरीवरच्यांना," चिमी म्हणाली, कावळा काळा म्हणावं तितक्या सरळपणे.

आणि मला? हा प्रश्न ओठांपर्यंत आला आणि तिथंच राहिला. चिमीची आजी बनूबाई रोज नातीला न्यायला यायची, पायरीच्या आत कधी पाऊल टाकायची नाही. कधी शेवग्याच्या शेंगा, कधी रानातल्या शेवळांच्या भाजीची जुडी आणायची, पण तीही पायरीवरच ठेवून, "बाय, घे हो," म्हणायची. किती भिडस्त बाई, असं अंजना घरी नवऱ्याला कौतुकानं सांगत आली होती... भिडस्त? लग्न होऊन बदलापूरला आल्यापासून ती इथं नुसती बाई होती. लपवलं काहीच नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. आणि त्या न विचारण्यावर मी केवढं घर बांधून बसले, एवढ्या वर्षांचं... तिला राग आला. चिमीचा नव्हे, त्या पायरीचा, शेंगांचा, त्या शेंगा चवीनं खाल्ल्याचा. आज बनूबाई आली की विचारायचंच, तोंडावर.

पण रांग समोर उभी होती. रागावून खेळ मोडला तर पोरांना वाटणार, पाण्यातच काही वाईट आहे. चालू दिला तर हेच घेऊन घरी जाणार. पाठ बदलायला हवा होता, आत्ता, तिच्याच हातांनी.

"हे बघा," ती मोठ्यानं म्हणाली, "पाहुण्यांना वरून नाही ओतायचं. हातात द्यायचं. ये चिमे, तू दाखव सगळ्यांना."

चिमीनं फुलपात्र पुन्हा भरलं आणि ते दोन्ही हातांनी पुढं केलं. ओली, गुबगुबीत बोटं. अंजनानं हात पुढं नेला, आणि त्या बोटांपाशी पोचता पोचता तिचीच बोटं वळली. हळूच, शहाण्यासारखी, खाली बुडाशी जागा शोधत गेली, जिथं पोरीचं बोट नव्हतं.

चिमीनं ते पाहिलं. तिनं लगेच आपली बोटं वर काठाकडे आवरून घेतली, बाईंच्या बोटांना जागा दिली, आणि बरोबर जमलं ना म्हणून वर पाहून हसली. मागं किसन रिकाम्या हातांनी तसंच करून बघत होता.

अंजना फुलपात्र धरून बसून राहिली. पाणी प्यायचं होतं, पोरं वाट पाहत होती. बनूबाईसाठी मघाशी जमवलेले शब्द तिनं आत चाचपून पाहिले. ते होते, सगळे होते, खरेही होते. पण ते म्हणताना आपण कुठं बघणार, हे तिला कळेना. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती, आपल्याच हातांची. पुढचं पोर लोटी घेऊन जवळ आलं तेव्हा ते हात मांडीवर ठेवावेत की पुढं करावेत, हे तिचं अजून ठरत नव्हतं.