पांढरी जाळी

बाबा गेले आणि दादानं घर आवरायला काढलं. आवरायला म्हणजे रिकामं करायला. कपाट एका नातेवाइकाकडे गेलं, पलंग दुसऱ्याकडे, भांडी वहिनींच्या माहेरी. मला विचारलं ते सगळं हलल्यावर, आणि तेही "तुला काही हवं होतं का?" असं. 'हवंय का' असं नाही, 'हवं होतं का'. शेवटी परसात दोन मधपेट्या तेवढ्या राहिल्या. त्या कुणी उचलल्या नाहीत, कारण त्यांत माश्या होत्या.

माझा दादा कुणाच्या बापाला भीत नाही. ऑफिसात साहेबाशी भांडतो, बँकेत रांग मोडून पुढे जातो. भितो तो फक्त माशीला. लहानपणी बाबा पेटी उघडायचे तेव्हा हा स्वयंपाकघराच्या जाळीच्या दरवाजाआड उभा राहायचा आणि तिथून बाबांना सूचना करायचा. "बाबा, उजवीकडे. बाबा, झाकण नीट ठेवा." उंटावरून शेळ्या हाकायची त्याची सवय तेव्हापासूनची. मी परसातच असायचे, बाबांच्या पाठीमागे जरा लांब. पेटीला मात्र बाबांनी कधी हात लावू दिला नाही. मोठी हो, मग बघू, म्हणायचे. मी मोठी झाले, शिवण शिकले, लग्न होऊन गेले आणि ते बघायचं राहूनच गेलं.

म्हणून मी दादाला सांगितलं की पेट्या मी नेणार. मला मधाची हौस नव्हती. बाबांनी जिवंत असं मागे ठेवलेलं तेवढंच होतं, आणि हा ते विकायला निघाला होता.

दादा आधी हसला. मधवाला माणूस पुढच्या रविवारी येऊन पेट्या नेणार, बोलणं झालंय, म्हणाला. मग वकिलासारखा एकेक मुद्दा काढायला लागला. तुझ्याकडे जाळीची टोपी आहे का? हातमोजे आहेत? धुराचा डबा आहे? मी विचारलं, बाबांचं ते सगळं सामान कुठे गेलं? तो म्हणाला, भंगारात दिलं, कुजून गेलं होतं.

"ऐक टाचणे," तो म्हणाला. टाचणी हे माझं घरातलं नाव. मी लहानपणी बारीक होते आणि टोचायचे, म्हणून बाबांनी ठेवलेलं. "रविवारी माझ्यासमोर पेटी उघड आणि राणीमाशी शोधून दाखव. दाखवलीस तर दोन्ही पेट्या तुझ्या. नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

वहिनी तिथेच भाजी निवडत होत्या. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी हो म्हणून टाकलं. राग आला की मी पटकन हो म्हणते. लग्नालाही अशीच हो म्हणाले होते, असं आमचे हे चारचौघांत सांगतात.

ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी घरी येऊन हकिकत सांगितली, तर हे चहा पीत ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "माशी मला चावली तर मी ओरडेन. ते आधीच सांगून ठेवतो." मग दुकानात गेले आणि जुना ऑइलचा डबा घेऊन आले.

माश्या पाळणाऱ्या नवख्या माणसाला तसं फार काही लागत नाही, हे मला मशीनवर बसून फोनवरचे व्हिडिओ बघता बघता कळलं होतं. डोक्याला जाळी, अंगात फिकट रंगाचा सैल अंगरखा, हातमोजे, धूर करायला डबा, पोळ्याच्या चौकटी उचकटायला लोखंडी पट्टी आणि माश्या हळूच बाजूला सारायला मऊ ब्रश. याचा तयार संच मिळतो. पण तयार कपडे मी आयुष्यात घातलेले नाहीत, आता कशाला घालू? जुन्या पलंगपोसांचा अंगरखा शिवला. मनगटाला आणि घोट्याला इलॅस्टिक ओवलं, गळ्याला चेन लावली आणि चेनच्या टोकाशी जी फट राहते तिथे चिकटपट्टी शिवली, कारण माशीला तेवढी फट पुरते. मोजे भांडी घासायचे, रबरी. ब्रश रंगाऱ्याचा, नवाकोरा. पट्टी म्हणून ह्यांनी टायर काढायची सळई ठोकून चपटी केली आणि तिला धार दिली.

धुराच्या डब्यानं मात्र छळलं. ह्यांनी ऑइलच्या डब्याला पत्र्याची चोच बसवली, मागे जुन्या ट्यूबचा भाता लावला आणि कौतुकानं पहिला प्रयोग दुकानातल्याच चिंध्या पेटवून केला. ग्रीसच्या चिंध्या त्या. असा काळा घाणेरडा धूर निघाला की शेजारचा किराणावाला पाण्याची बादली घेऊन धावत आला. डबा साबणानं घासला, पुढे गोणपाट जाळायला घेतलं. त्याचा धूर पांढरा, थंडसर येतो. माश्यांना वाटतं लांब कुठे आग लागली आहे, मग त्या मध पिऊन घेण्यात गुंततात आणि माणसाकडे लक्ष देत नाहीत.

सगळ्यात जीव ओतला तो जाळीत. बाबांची जाळी काळी होती, हे मला चांगलं आठवत होतं. पण ती धुरानं काळी झाली असणार, अशी माझी पक्की समजूत. मी अकरा वर्षांची असताना ती कानापाशी फाटली होती आणि मीच ती रफू केली होती. घरात काळा दोरा नव्हता, म्हणून पांढऱ्यानं. माझे आयुष्यातले पहिले टाके, वेडेवाकडे. आईनं ते उसवून नीट करते म्हटलं तर बाबांनी हात लावू दिला नाही. आता अंगरखा पांढरा, टोपी पांढरी, मग त्यावर मळकी जाळी कशी लावू? शिवणारीच्या डोळ्याला ते खपत नाही. मी पडद्याची पांढरीशुभ्र जाळी आणली, दुहेरी पट्टी मारून टोपीला बसवली. आरशात बघितलं तर मी मलाच आवडले.

रविवारी ऊन कडक होतं. दादा आधीच जाळीच्या दरवाजाआड उभा होता, इतक्या वर्षांत जागासुद्धा बदलली नव्हती त्यानं. वहिनी त्याच्या मागे. आमचे हे डबा पेटवून भाता दाबत होते आणि पेटीपासून जितकं लांब राहता येईल तितकं राहत होते. तेवढ्यात परसाच्या फाटकातून मधवाला आला. किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. काखेत पितळी चोचीचा धुराचा डबा आणि डोक्यावर जाळीची टोपी.

ती जाळी काळी होती. डाव्या कानापाशी पांढऱ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते.

माझे पाय जागीच थांबले. आपला टाका आपल्याला ओळखू येतो, तो किती का जुना असेना. मी त्याला विचारलं, ही टोपी कुठून आणली. त्यानं सरळपणानं सांगितलं, तुमच्या भावानंच दिली. पेट्यांबरोबर सामानही द्यायचं ठरलं होतं, ते मागच्या महिन्यातच नेलं. मी दरवाजाकडे बघितलं. दादा म्हणाला, अगं, माझ्या लक्षात नव्हतं, आणि जुनीपुराणी वस्तू ती, तिचं काय एवढं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भंगारात दिलं म्हणून तोंडावर खोटं बोलला, आणि तेच सामान नाही म्हणून मला हिणवलं. मधवाल्याला वातावरण कळलं. त्यानं टोपी काढली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "ताई, ही घ्या. तुमच्या पांढऱ्या जाळीतून उन्हात काही दिसायचं नाही."

ती हातात घ्यावी असं मला फार वाटलं. पण ती घालून राणी सापडली असती तर दादा जन्मभर म्हणाला असता, बाबांच्या टोपीनं तारलं. मी म्हटलं, आधी पेटी उघडते, टोपीचं मग बघू.

पेटीच्या तोंडाशी धूर दिला, झाकण काढलं. माश्यांनी सगळीकडे डिंक भरून चौकटी एकमेकींना चिकटवल्या होत्या, बाबा गेल्यापासून कुणी उघडलंच नव्हतं ना. पट्टी घालून दाबली तशी कट्‌ असा आवाज होऊन पहिली चौकट सुटली. मी ती उचलून डोळ्यांसमोर धरली.

आणि मला काही म्हणता काही दिसेना. ऊन पडल्यावर पांढरी जाळी अशी चमकत होती की समोर नुसता उजेड. चौकटीवर काहीतरी तपकिरी हलतंय, एवढंच. मान तिरकी केली, डोळे बारीक केले, पाठ उन्हाकडे करून पाहिली. एका माशीनं मोज्याच्या वर मनगटात डंख मारला. डंख ओढून काढायचा नसतो, खरवडायचा असतो, तो मी पट्टीनं खरवडला. दरवाजाआडून दादाची सूचना आली, "राहू दे आता. झालं की समाधान."

तेव्हा मला कळलं की बाबांची जाळी धुरानं काळी झालेली नव्हती. ती काळीच असावी लागते, काळ्यातूनच पलीकडचं दिसतं. चाळीस वर्षं कापडात घालवलेल्या बाईला हे कळलं नव्हतं, कारण तिला पांढऱ्यावर पांढरं शोभतं. माझी चूक माझीच होती. पण मधवाल्याची टोपी मागायला तोंड उघडलं असतं तर मी मी राहिले नसते.

चौकट परत पेटीत ठेवली. ह्यांना म्हटलं, "अहो, डबा आणा इकडे."

हे आले. घाबरत, पण आले. मी डब्याचं झाकण उघडलं. आतून काजळी जाड बसली होती, चिकट, डांबरासारखी. मोज्याच्या बोटांनी ती खरवडली आणि डोळ्यांसमोरच्या जाळीवर चोळली, वरून खाली, आडवी, पुन्हा वरून खाली. दोन रात्री जागून शिवलेली जाळी पाच मिनिटांत पोतेऱ्यासारखी झाली. मधवाल्याची मान हलली.

आणि दिसायला लागलं. असं दिसायला लागलं, जसं बाबांना दिसत असेल. एकेक चौकट मी सावकाश उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली, ठेवली. घाई नाही. एका चौकटीवर मेणाच्या घरांच्या तळाशी अंडी दिसली, सुईत दोरा ओवताना टोक कापावं आणि तो तुकडा उभा राहावा तशी. म्हणजे राणी जवळच. शेवटून दुसऱ्या चौकटीवर ती सापडली. बाकीच्यांपेक्षा लांब, पंख मात्र अंगाला आखूड, जणू मापाच्या पोशाखाला कापड कमी पडलं. चारी बाजूंच्या माश्या तिला वाट करून देत होत्या.

चौकट हातात घेऊन मी चालत जाळीच्या दरवाजापाशी गेले. दादा दोन पावलं मागे सरकला. मी चौकट जाळीला अगदी लागेल अशी धरली आणि पट्टीच्या टोकानं दाखवलं.

"ही राणी. नीट बघ. आता सांग, पेट्या कुणाच्या?"

दादा बघत नव्हता. बघितलं ते वहिनींनी. त्याच्या खांद्यावरून वाकून चांगलं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "वन्संच्या."

मधवाल्यानं वाद घातला नाही. त्यानं टोपी आणि पितळी डबा पेटीशेजारच्या दगडावर ठेवला, माझा व्यवहार पेट्यांचा होता, पेट्या नाहीत तर सामानही नाही, असं दादाला ऐकवलं आणि निघून गेला.

पेट्या दिवसा हलवता येत नाहीत, बाहेर गेलेल्या माश्या परतायच्या असतात. उजेड उतरेपर्यंत आम्ही परसात बसून राहिलो. वहिनींनी दोनदा चहा आणून दिला. दादा आतल्या खोलीत टीव्ही लावून बसला होता, आवाज जरुरीपेक्षा मोठा. ह्यांनी हातगाडी फाटकाशी आणून लावली. शेवटची माशी आत गेल्यावर मी उरलेल्या पांढऱ्या जाळीच्या पट्ट्या फाडल्या आणि दोन्ही पेट्यांची तोंडं बंद केली. जाळी शेवटी तिच्या कामाला आली.

हे पेटी उचलायला वाकले तसं मी त्यांना थांबवलं. म्हटलं, तुम्ही गाडी धरा. आणि आत वळून हाक मारली.

"दादा, ये. दुसरी बाजू धर."

तो दरवाजापर्यंत आला. त्याची पाठ दुखते, असं म्हणाला. हमाल बोलावू, असं म्हणाला. मी म्हटलं, बाबांचं सगळं घर तू हलवलंस, तेव्हा पाठ दुखली नाही. एवढं एक उरलंय, तेही हलव. आणि मला खोटं सांगितलंस त्याचा राग अजून गेलेला नाही, तेव्हा बोलण्यात वेळ घालवू नकोस.

वहिनींनी दरवाजा उघडून धरला. तो बाहेर आला तशी त्यांनी मागून कडी लावली. कडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मी दगडावरची बाबांची टोपी उचलून डोक्यावर घातली. कानापाशी माझे टाके लागले. माझी काजळी फासलेली टोपी दादाच्या डोक्यावर ठेवली आणि नाडी त्याच्या हनुवटीखाली स्वतः बांधली, शाळेत पाठवताना मुलाची बांधतात तशी. आम्ही वाकलो, पेटी उचलली. आतून मोठा घूं असा आवाज उठला आणि त्यानं मान मागे ओढली. पण सोडली नाही त्यानं, तेवढं खरं.

"टाचणे, डावीकडे घे," जाळीच्या आतून तो म्हणाला. "सावकाश. तिथे पायरी आहे."

"मी पुढे आहे," मी म्हणाले. "तू मागून ये. आणि सूचना करू नकोस."