साफ म्हणजे किती साफ

आमच्या धाकट्या दिरांनी अख्खी हयात नद्या सरळ करण्यात घालवली. मासे परतावेत म्हणून त्याच नद्या पुन्हा वाकड्या करायचं काम आता माझ्याकडे आलंय, आणि पोकलेन चालवायला परत तेच. घरात यावरून चेष्टा चालायची. त्या सकाळी मात्र मला हसू आलं नाही.

पुलावरूनच दिसलं, मशीन पाण्यात उतरलेलं, तेही नेमकं गोट्यांच्या पट्ट्यात. आम्ही हातांनी पसरलेल्या त्या गोट्यांत यंदा पहिल्यांदाच माशांनी अंडी घातली होती. पिल्लं आज-उद्या बाहेर पडायची होती. ती गेली, तर नदी परत सिमेंटात बसवायला खात्यातल्या साहेबांना निमित्तच मिळणार होतं.

साहेबांनी दिरांना फोनवर सांगितलं होतं म्हणे, नदी बघायला पाहुणे येतायत, तेवढा तुकडा साफ करा. त्यांना म्हणायचं होतं, बाटल्या-पिशव्या उचला. पण पोकलेनवाल्यांच्या भाषेत साफ म्हणजे तळापर्यंत खरवडून काढणं.

मी घसा फुटेस्तोवर ओरडले. इंजिनापुढे माझं कोण ऐकतंय! शेवटी तशीच पाण्यात शिरले आणि मशीनसमोर उभी राहिले. भरलेली बकेट डोक्यावर आली, डुलली, थांबली.

दीर केबिनमधून उतरले ते संतापूनच. जीव नकोसा झालाय का, दादाला काय तोंड दाखवलं असतं, बरंच काही बोलले. मी वर बोट केलं.

"भाऊजी, त्यात अंडी आहेत. काठावर ओतू नका. परत ठेवा."

बकेटमधून पाणी गळत होतं. गोटे सुकले की संपलंच.

"वहिनी, आजवर मी फक्त काढत आलो. ठेवायचं कसं, ते नाही माहीत."

"मग हळू ठेवा."

ठेवले. केबिनमध्ये परत चढून, एकेक गोटा मोजता यावा इतके हळू. ते खाली उतरले आणि गढूळपणा बसेपर्यंत आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात उभे. मग त्यांनी एक गोटा उलटला. खाली पांढरी पडलेली, मेलेली अंडी, बरीच. शेजारी काही पारदर्शक, आत काळे डोळे. एक वळवळलं.

आता मशीन बाहेर काढायचं होतं. ते आलं त्या वाटेचा काठ मागे ढासळलेला, आणि पुढची वाट उरलेल्या अंड्यांवरून. तेवढ्यात साहेबांचा फोन. पाहुणे निघालेत, मशीन हलवा.

"नाही हलणार," दीर म्हणाले.

"का? बिघडलंय?"

"नाही साहेब. वाटेत बाळंतीण आहे."

फोन ठेवून ते केबिनमध्ये चढले, इंजिन बंद केलं आणि किल्ली आणून माझ्या हातात दिली.