तीन गुणांची साखर

यादी सकाळी नऊला लागली आणि पाच मिनिटांत यान निंगला कळलं की आपण चौथ्या आहोत. जागा तीन होत्या. इंग्रजी विभागातल्या तीनच मुलांना दरवर्षी डिसेंबरची देशभराची जीवघेणी परीक्षा न देता भाषांतराच्या पुढल्या वर्गात थेट घेतात. बाकीच्यांनी लाखोंच्या गर्दीत उतरायचं. तिसरी आलेली चियाओ ली निंगच्याच खोलीतली, तिच्या वरच्या पलंगावर झोपणारी. दोघींत फरक दीड गुणाचा.

ते गुण कुठे गेले हे शोधायला वेळ लागला नाही. यादीशेजारीच प्रत्येक वाक्याचे गुण लावले होते. जूनमधल्या भाषांतराच्या पेपरात, पर्सिमनच्या उताऱ्यात, चौथ्या वाक्याला तीनपैकी शून्य. ते पाहिलं आणि निंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सबंध पेपरात तेवढं एकच वाक्य असं होतं, जे तिने भर तापातसुद्धा बरोबर लिहिलं असतं.

वेई नदीच्या उत्तरेला तिचं गाव. तिथे पानं गळायला लागली की घरोघरी पर्सिमनची केशरी, गोड फळं सोलतात, दोऱ्यांना बांधून वळचणीखाली टांगतात, महिनाभर वाळू देतात आणि मधून मधून एकेक फळ हातात घेऊन दाबून मऊ करतात. निंगचं सगळं इंग्रजी त्या दोऱ्यांखाली झालं. चिठ्ठीच्या एका बाजूला चिनी अर्थ, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द, आणि चिठ्ठी चिमट्याने दोरीला. आई, मू चाओलान, सोलता सोलता वर बघायची, चिनी बाजू मोठ्याने वाचायची. निंगने शब्द सांगायचा. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण तिला फसवणं शक्य नव्हतं. ती म्हणायची, "थबकलीस. थबकलीस म्हणजे येत नाही. लाव परत." विद्यापीठात आल्यावर निंगला दिसलं की इतर मुलींची शब्दांची पुस्तकं पहिल्या दहा पानांपुरती काळी पडलेली असतात आणि पुढे कोरी करकरीत. तिचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत मळलेलं होतं.

उताऱ्यातलं चौथं वाक्य साधं होतं. वाळलेली फळं त्यांच्याच सालींबरोबर मातीच्या माठात रचतात, थंडी पडली की त्यांची गोडी पांढरा थर होऊन बाहेर येते. निंगने तेच इंग्रजीत लिहिलं. लिहिताना तिला आईचं नेहमीचं बोलणं आठवलं आणि तिने एक शब्द पदरचा घातला: माठातल्या अंधारात फळ आपली गोडी आपणच बाहेर आणतं. 'अंधार' मूळ उताऱ्यात नव्हता. त्यासाठी कुणी अर्धा गुण कापला असता तर तिने तक्रार केली नसती. शून्य मात्र कशाबद्दल, हे तिला कळेना.

ते खोलीत कळलं. चियाओ लीने शांग सरांचं 'नमुना भाषांतरं' हे जाडजूड पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. पेपर सर काढत, तपासणी त्यांच्याच हाताखाली होई आणि उतारे याच पुस्तकातून येत. प्रत्येक वाक्यात गुणांचे शब्द ठरलेले. ते असले की गुण, नसले की भोपळा. चौथ्या वाक्याच्या नमुन्यात छापलं होतं की वाळलेली फळं माठात ठेवून त्यांच्यावर पिठीसाखर भुरभुरवतात. गुणांचे शब्द तीन: माठ, पिठीसाखर, भुरभुरवणे. निंगचा माठ बरोबर होता. पण चियाओ लीने सांगितलं की तीनपैकी दोन शब्द नसले तर वाक्यच रद्द धरतात.

"कोण मूर्ख साखर भुरभुरवतो?" निंग म्हणाली.

"मला काय ठाऊक," चियाओ ली म्हणाली. "मी विचार केलाच नाही. मी पाठ केलं. तू विचार करत बसलीस, त्याला मी काय करू?"

ती हे कुचकटपणे म्हणाली नव्हती, आणि तेच निंगला जास्त लागलं.

यादीवर हरकत घ्यायला पाच दिवस असतात. पहिल्या दिवशी निंगने विभागाच्या कचेरीत फेरतपासणीचा अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तपासणी झाली, गुण कायम. एका दिवसात कशी झाली, असं तिने खिडकीतल्या बाईंना विचारलं. बाईंनी चहाच्या डब्याचं झाकण फिरवत सांगितलं की फेरतपासणी म्हणजे बेरीज पुन्हा करून बघणं. उत्तर पुन्हा वाचणं नव्हे. तुझी बेरीज बरोबर आहे, अभिनंदन. आता या खिडकीसमोर माणसाने काय करावं? निंगने काही केलं नाही. ती खाली आली आणि सायकलींच्या रांगेशी उभी राहून रागाने रडली. रडू आल्याचा तिला आणखी राग आला.

संध्याकाळी तिने आईला फोन करून सगळं सांगितलं. आईने साखरेबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिने एवढंच विचारलं की सरांकडे काही घेऊन गेली होतीस का. गेल्या थंडीतली उत्तम फळं शीतपेटीत ठेवलेली आहेत, ती आजच पाठवते, रिकाम्या हाताने मोठ्या माणसाच्या दारात जाऊ नये. निंग म्हणाली, मी लाच घेऊन जाणार नाही. आई म्हणाली, घरची फळं म्हणजे लाच नव्हे, रीत आहे. चौथ्या दिवशी दुपारी खोकं आलं. वीस फळं, एकेक पातळ कागदात गुंडाळलेलं, प्रत्येकावर पहाटेच्या गोठलेल्या दवासारखा पांढरा थर.

शेवटी ती ते घेऊनच गेली तेव्हा शांग सर चांगल्या मूडमध्ये होते. पन्नाशी उलटलेली, केस काळे केलेले, टेबलावर त्यांच्याच पुस्तकांची चळत. खोकं बघून त्यांना आनंद झाला. त्यांनी एक फळ उचललं, उजेडात धरलं आणि कोपऱ्यातल्या नळाखाली नेऊन दोन्ही अंगठ्यांनी चोळून चोळून धुतलं. सगळा पांढरा थर पाण्याबरोबर निघून गेला.

"डॉक्टरांनी साखर बंद केलीय," ते म्हणाले. "वरची काढली की बरं पडतं."

निंग त्या नळाकडे बघत राहिली. तो थर यावा म्हणून तिची आई महिनाभर रोज बोटं दुखेपर्यंत फळं दाबते, माठ ऊन आलं की झाकते आणि दव पडलं की उघडते. पंचेचाळीस दिवसांचं काम या माणसाने पाच सेकंदांत मोरीत सोडलं, आणि वर त्याच्या पुस्तकात लिहिलं होतं की ती साखर आहे, वरून टाकलेली.

"सर, ती वरून घातलेली नाही," ती म्हणाली. "फळाच्या आतून येते. उताऱ्यातही साखर हा शब्द नाही. चौथ्या वाक्याला मला शून्य दिलंय, ते वाक्य बरोबर आहे."

सरांनी फळाचा तुकडा चावत समजुतीच्या सुरात सांगितलं की भाषांतर करणाऱ्याने आपल्या अंगणातलं ज्ञान उताऱ्यात आणू नये. परदेशी वाचकाला पांढरा थर म्हटलं की बुरशी वाटेल. साखर म्हटलं की कळेल. शिवाय नमुना एकदा ठरला की ठरला. तिच्या एकटीसाठी बदलला तर सगळे पेपर पुन्हा काढावे लागतील. ती हुशार आहे, डिसेंबरची परीक्षा सहज निघेल.

निंगने फोन काढला. ती म्हणाली, ही फळं जिने केली तिलाच विचारा, तिने चाळीस वर्षं हेच केलंय. तिने आईला फोन लावला आणि आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला.

"आई, मी शांग सरांच्या खोलीत आहे. त्यांना सांग, फळावर साखर टाकतात का."

पलीकडून लगेच आईचा आवाज आला, गावच्या कार्यालयात लावते तो, मऊ आणि वाकलेला.

"नमस्कार सर. पोरगी हट्टी आहे, मनावर घेऊ नका. आम्ही अडाणी माणसं. पुस्तकात साखर आहे म्हणता, तर साखर असेल, सर."

आई थबकली नव्हती. एवढं खोटं बोलताना ती एकदाही थबकली नव्हती.

सरांनी हात पुसले आणि फोनकडे बघून प्रेमाने म्हटलं की ताई, मुलगी छान आहे तुमची. निंगने फोन उचलला, खोकं तिथेच ठेवलं आणि बाहेर आली. जिना उतरताना तिला सरांचा राग येत नव्हता. सगळा राग आईवर निघाला होता आणि तो इतका मोठा होता की तिने चार महिने घरी फोन केला नाही, फक्त ठीक आहे, जेवले, एवढं लिहून पाठवत राहिली.

डिसेंबरात तिने परीक्षा दिली. इंग्रजीत आणि भाषांतरात ती वरच्या शंभरांत होती. राजकारणाच्या पेपरात दोन गुण कमी पडले आणि दार बंद झालं. नव्या वर्षाच्या सणाला ती घरी गेली तेव्हा माय-लेकी एकाच चुलीपाशी दोन दिवस मुक्याने वावरल्या. तिसऱ्या दिवशी निंगने विचारलंच.

"त्या दिवशी खोटं का बोललीस?"

आईच्या हातात सुरी होती, ती खाली ठेवली नाही. "तुझी जागा जात होती. ते खडूची पूड म्हणाले असते तरी मी हो म्हटलं असतं. माझं काय जातं?"

"सगळं तुझंच तर गेलं," निंग म्हणाली आणि उठून अंगणात गेली. अंगणात तिला उमगलं की आई खोटं बोलली ते आपल्यासाठी आणि आपण खरं बोललो तेही आईसाठी, आणि दोन्ही फुकट गेलं. यात फायदा झाला तो फक्त त्या खोलीत बसलेल्या माणसाचा. तेव्हा तिचा राग पुन्हा जागच्या जागी, सरांवर, आला.

एप्रिलमध्ये ती शेवटच्या सत्रात होती, दिवसाला दहा कंपन्यांना अर्ज पाठवत होती. सवय सुटत नाही म्हणून सकाळी सात वाजता तळ्याकाठी जायची. तिथे पहाटेपासून पोरंपोरी येरझारा घालत, भिंतीकडे तोंड करून, झाडाकडे तोंड करून शब्द घोकत असतात. सगळ्यांचा मिळून एक गलका होतो आणि त्यात कुणाचंच काही ऐकू येत नाही. त्या दिवशी मात्र निंगला ऐकू आलं. विलोच्या झाडाखाली तिसऱ्या वर्षाची तुआन रोंग डोळे मिटून एक इंग्रजी वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती: माठातल्या अंधारात फळ आपली गोडी आपणच बाहेर आणतं.

निंगने तिच्या हातातलं पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं. 'नमुना भाषांतरं', नवी सुधारलेली आवृत्ती, छपाई मार्चची. पर्सिमनचा उतारा, चौथं वाक्य. पिठीसाखर गेली होती. तिथे तिचं वाक्य होतं, स्वल्पविरामासकट. मुळात नसलेला, तिने पदरचा घातलेला अंधारसुद्धा शांग सरांनी उचलला होता. म्हणजे त्यांनी तिचा पेपर वाचला होता. नीट वाचला होता, पटलाही होता, आणि मग शून्य तसंच ठेवून वाक्य खिशात घातलं होतं. प्रस्तावनेत त्यांनी पत्नीचे आणि प्रकाशकाचे आभार मानले होते.

रोंग बिचारी घाबरली होती. "ताई, काय झालं? हे चुकलंय का? सर म्हणाले, हे वाक्य जसंच्या तसं यायला हवं, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तीन गुण गेले."

"बरोबर आहे," निंग म्हणाली. "गेल्या वर्षी चूक होतं."

रोंगला काही समजलं नाही. निंगने तिच्या कानावरचं पेन घेतलं, गुडघ्यावर पुस्तक ठेवलं आणि त्या वाक्याखाली कागद फाटेल इतकं दाबून तीन चिनी अक्षरं लिहिली: मू चाओलान.

"या कोण? आपल्या विभागात आहेत?"

"पर्सिमन सोलतात."

रोंगने पुस्तक परत घेतलं, बोटाने शाई पुसून बघितली, ती पुसली जाईना. तिचा चेहरा पडला. "खराब केलंस की गं ताई. वर्ष संपलं की खालच्या मुलींना विकणार होते मी."

"वीक," निंग म्हणाली. "नाव खोडू नकोस." तिने पेन खिशात टाकलं. लायब्ररी आठला उघडत होती आणि तिथे या पुस्तकाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या अकरा प्रती येत.