दाढोबाच्या पेटीतला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. खरे सांगायचे तर एकेकाळच्या मोठ्या आरशाचा उरलेला तुकडा. तुम्ही मला पाहिले असेल तरी माझी आठवण तुम्हाला नसणार. आरशात बघणारा माणूस आरसा कधी बघत नाही. तो स्वतःला बघतो आणि निघून जातो. याचे मला कधी वाईट वाटले नाही. समोर येईल ते जसेच्या तसे परत द्यायचे आणि स्वतःजवळ काही ठेवायचे नाही, एवढाच माझा धर्म.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळली, तिची काच झाली, काचेच्या पाठीवर चांदीचा पातळ लेप चढला आणि मला दृष्टी आली. मग शिसवी चौकटीत बसवून मला एका शिंप्याच्या दुकानात नेले. पडद्याआडच्या त्या अरुंद खोलीत मी कित्येक वर्षे उभा होतो. नवा कोट घातलेली माणसे माझ्यासमोर येत, पोट आत घेत, मान वाकडी करून पाठ बघत. पहिल्या नोकरीला निघालेला एक तरुण माझ्याकडे पाहून "नमस्कार साहेब, नमस्कार साहेब" असे पुटपुटत राहिला होता. शिंपी गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगे, "कपड्यात चूक असेल तर मी लपवीन, पण हा आरसा लपवणार नाही." त्या कौतुकावर मी जगलो.

पण चांदीलाही वय असते. माझ्या कडेला काळे ठिपके उठले. कोणी म्हणाले, यात चेहरा आजारी दिसतो. दुकानात कडेने दिवे लावलेला नवा आरसा आला आणि मी एका काचवाल्याच्या कारखान्यात पोचलो. तिथे खिडक्यांच्या तावदानांमागे, तोंड भिंतीकडे करून मला उभे केले. मित्रांनो, भिंतीकडे तोंड केलेल्या आरशाला काय दिसते, असा प्रश्न तुम्हाला पडेल. भिंत दिसते. तिच्यावरची एक चीर हळूहळू लांब होत जाते, तेवढेच.

काचवाला भला माणूस. हात कापल्याच्या बारीक खुणांनी भरलेले, पण त्या हातांत काच कधी तडकली नाही. पुढे कारखाना, मधली एक खोली आणि मागे स्वयंपाकघर, असा त्याचा संसार. घरात तो, त्याची बायको आणि शाळेत जाणारी लेक. लेकीला सगळे ठकू म्हणत. या ठकूला एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने दाढीवाल्या सरड्याचे पिल्लू दिले. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात तेच. वाळूच्या रंगाचे अंग, शहाण्या म्हाताऱ्यासारखे डोळे आणि हनुवटीखाली मऊ काट्यांची झालर. ठकूने त्याचे नाव ठेवले दाढोबा.

लेकीच्या दाढोबासाठी बापाने स्वतः पेटी बांधायला घेतली. तीन बाजूंना स्वच्छ काच, वर जाळी, एका टोकाला ऊब देणारा दिवा, त्याखाली बसायला सपाट दगड, शिवाय उन्हाची उणीव भरून काढणारी खास दिव्याची नळी. चौथ्या बाजूला काय लावावे, याचा तो विचार करत होता. मग त्याला मी आठवलो. त्याने मला वळवले, फडक्याने पुसले आणि डाग नसलेला माझा मधला भाग हिऱ्याच्या कलमाने कापून काढला. दुसऱ्या कोणाच्या हा विचार मनातही आला नसता. पण ज्याचे आयुष्य काचेत गेले, त्याला कोणतीही जागा सजवायची म्हटले की आधी आरसाच सुचणार.

"अहो, सरड्याला आरसा?" त्याची बायको दारात येऊन म्हणाली. "उद्या कंगवाही ठेवाल."

"अगं, एकटा आहे बिचारा. भावंडांतून उचलून आणलाय. आरशात बघेल, तेवढीच सोबत."

"मीही दिवसभर एकटीच असते. मला नाही कधी सोबत सुचवलीत."

"तुला लग्नात एवढा मोठा आरसा दिला की!"

"दिलात. त्यात मागून तुमचंच तोंड डोकावायचं."

ठकू खुदकन हसली. मीही, आरशाला जमते तितके, उजळलो. इतक्या वर्षांनी माझी कोणाला तरी गरज होती. आता माझ्यासमोर रोज एक जिवंत जीव असणार होता, तोही पोट आत न घेणारा.

पहिल्याच दिवशी दाढोबा दगडावर चढला, त्याने मान वळवली आणि त्याला मी दिसलो. नाही, त्याला मी दिसलो नाही. त्याला दुसरा सरडा दिसला.

तो स्तब्ध झाला. मग त्याने पुढचा एक पाय उचलला आणि हवेत संथपणे गोल फिरवला.

"बाबा, बघा! टाटा करतोय!" ठकू टाळ्या पिटत ओरडली.

समोरच्या सरड्यानेही पाय फिरवला. अर्थातच. तो मीच फिरवला होता.

पहिले काही दिवस त्याने खायला सोडलेले थोडे रातकिडे खाल्ले. मग पकडायला धावायचा आणि मध्येच थांबायचा. मग धावणेही संपले. तो दिव्यापासून दूर, कोपऱ्यातल्या ओंडक्यामागे बसू लागला. बारीक चिरलेला पाला सुकून जाई. रातकिडे त्याच्या पाठीवरून चालत आणि तो डोळे मिटून घेई. हनुवटीखालची झालर एरवी पिवळसर असे. ती आता शाईत बुडवल्यासारखी काळी पडू लागली.

घर कामाला लागले. बापाने दिव्याखालचे तापमान मोजले, ते बरोबर होते. नळी बदलली. ठकूने रातकिडे आणखी लहान आणले. त्यांचा डबा स्वयंपाकघरातल्या उबेला ठेवावा लागे आणि आईचा जीव वरखाली होई.

"माझ्या पोळ्यांच्या डब्याशेजारी किडे! उद्या मी चुकून हे तव्यावर टाकले तर ओरडू नका."

"आई, तो मरेल गं," ठकू म्हणाली.

त्यानंतर आईने त्या डब्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

ठकू शाळेतून आली की दप्तर न उतरवताच पेटीशी बसे. पानाचा तुकडा चिमट्यात धरून हलवी. "हे बघ, एवढंच. एकच घास. माझ्यासाठी." दाढोबा तिच्या हाताकडे बघत नसे. तो माझ्याकडे बघत असे.

हे बापाच्या लक्षात आले आणि इथेच त्या भल्या माणसाची मोठी चूक झाली. "बघ ठकू, सारखा तिकडेच बघतो. त्याला सोबत हवीय," असे म्हणत त्याने मला ओल्या फडक्याने पुसून लख्ख केले, आडोशाचा तो ओंडका काढून टाकला आणि पाल्याची ताटली माझ्या अगदी पायाशी ठेवली. दोघे मिळून जेवतील, असा त्याचा समज. पंगतीला बसवल्यासारखे त्याने लेकराला त्याच्या भयाशेजारी बसवले.

मित्रांनो, मी सगळे जवळून बघत होतो. दाढोबाच्या शेपटीच्या बुडाशी हाडे दिसू लागली होती. डोळे खोल गेले होते. तरी तो पुन्हा पुन्हा पाय उचलून गोल फिरवी, आणि मी पुन्हा पुन्हा तो परत देई. तो काळा पडे, मी काळा सरडा दाखवी. तो कोपऱ्यात दबे, मी त्याच कोपऱ्यात दबलेला दाखवी. त्या पायाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. पण शिंप्याच्या खोलीत मी पुष्कळ डोळे पाहिले होते, आणि भ्यालेला डोळा मला ओळखता येतो. डोळे मिटता आले असते तर मी मिटले असते. आरशाला पापण्या नसतात.

एके दुपारी बापाने दाढोबाचे तोंड बोटांनी उघडून घास भरवायचा प्रयत्न केला. त्या इवल्या देहाने अशी तडफड केली की ठकू रडतच त्याच्या हाताला लटकली. "नको, बाबा, नको!" बाप उठला. हात पुसता पुसता म्हणाला, "चल, डॉक्टरांकडे."

ती दोघे परत आली तेव्हा आई दारातच उभी होती. "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"तोंड बघितलं, पोट दाबून बघितलं, वजन केलं," बाप चपला काढत म्हणाला. "आजार काही नाही म्हणाल्या. कोमट पाण्यात बसवा, जबरदस्ती अजिबात करू नका. पण लहान जीव आहे, अंगात साठवलेलं काही नाही त्याच्या. आता खायला लागला नाही तर..."

"आणि एक विचारलं त्यांनी," ठकू म्हणाली. "तो जिथे बसतो, तिथून त्याला काय दिसतं? मला सांगताच आलं नाही. म्हणाल्या, घरी जाऊन बघ."

तिने दाढोबाला आईच्या ओंजळीत दिले. आयुष्यात कधी पाल मारायलाही पुढे न आलेल्या त्या बाईने ओंजळ घट्ट केली. ठकूने जाळी बाजूला केली, दिवा विझवला, पेटीत खांद्यापर्यंत वाकली आणि गाल त्याच्या कोपऱ्यातल्या वाळूवर टेकवला.

मला तिचा डोळा दिसला. एकच, ओला, फार मोठा. तिला दिसला समोरून तिच्याकडेच टक लावून बघणारा एक भलामोठा चेहरा. ती दचकली. तो चेहराही दचकला.

"बाबा," ती तशीच वाकून म्हणाली, "इथून पाल्याकडे लक्षच जात नाही. तुम्ही दिसत नाही. इथून फक्त कोणीतरी दिसतं. आणि ते जातच नाही."

बापाने तिथल्या तिथे फोन लावला आणि टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "आरसा? आतल्या बाजूला? बरं, मला सांगा, पुढचा पाय उचलून गोल फिरवतो का?"

"हो हो, टाटा करतो!" बाप म्हणाला.

डॉक्टरीणबाईंचा आवाज उतरला. "टाटा नाही हो तो. मी लहान आहे, मला मारू नका, असं समोरच्याला सांगतात ही पिल्लं. समोरचा मोठा सरडा सहसा निघून जातो. तुमचा कुठे जाणार?"

बाप खुर्चीत बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला. आई हळूच म्हणाली, "तुम्ही मायेनंच केलंत हो."

"मायेनं केलं," तो म्हणाला, "पण माझ्या डोळ्यांनी केलं."

मला उपटून काढावे, तर मी पेटीच्या कडांना पक्का चिकटवलेला होतो. फुटलो असतो तर वाळूत काचेची कणी राहिली असती. म्हणून बापाने मातकट रंगाचा जाड पुठ्ठा माझ्या मापाचा कापला. तो समोर सरकू लागला तेव्हा माझ्या उजव्या अंगाने खोली नाहीशी होत गेली: आधी दार, मग आई, मग तिच्या ओंजळीतून बाहेर आलेले ते काळवंडलेले डोके. सगळ्यात शेवटी ठकूचा हात. मग अंधार.

आयुष्यात पहिल्यांदा मी कोणालाच काही परत देत नव्हतो.

तेव्हापासून मी ऐकायला शिकलो. ठकूचे दप्तर टेकल्याचा आवाज. कोमट पाण्याची चुळबुळ. जाळी उघडल्याची करकर, आणि त्यानंतरची शांतता. फार लांब शांतता. "आजही नाही," ठकू म्हणे. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. माझ्या मनात आले, उशीर झाला की काय? माणसांना निदान बघता येत होते. मी पुठ्ठ्याआड, दाढोबापासून टीचभर अंतरावर, आणि तो श्वास घेतो की नाही हेही मला कळत नव्हते.

मग एका सकाळी दगडावर नखांचा आवाज आला. तो दिव्याखाली चढत होता. ठकूने चिमटा पुढे केला असावा, कारण तिचा श्वास थांबलेला मी ऐकला. वाळूत काहीतरी सरसरले. आणि मग, कुर्रम.

एवढासा आवाज. वाळलेले पान पायाखाली यावे तसा. शिंप्याच्या दुकानात ऐकलेले सगळे कौतुक एका बाजूला ठेवले, तरी त्या कुर्रमच्या वजनाचे होणार नाही.

कोणी ओरडले नाही. तो घाबरेल म्हणून तिघेही तोंडावर हात धरून उभे असावेत. बऱ्याच वेळाने आईचा आवाज आला, "अगं बघत काय बसलीस? डबा आण. अजून एक दे त्याला."

आता दाढोबा चांगला वाढला आहे, असे ते बोलतात. त्याची झालर पुन्हा पिवळी झाली म्हणे. मी ती पाहिलेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा मुका जीव असेल. त्याला ऊब द्या, अन्न द्या, स्वच्छ जागा द्या. पण त्याआधी एकदा त्याच्या जागी गाल टेकवून बघा. तुम्हाला गोड वाटते ते त्यालाही गोड वाटत असेल, असे धरून चालू नका. तो हलवत असलेल्या पायाचा अर्थ जाणत्याला विचारा. तो जेवत नसेल तर त्याच्यावर रागावू नका, घाई करू नका, आणि थांबावे लागले तर त्याच्याजवळ थांबा.

आणि कधी त्या काचवाल्याच्या घरी गेलात, तर पेटीपाशी जरूर बसा. दाढोबाला डोळे भरून बघा. फक्त तो पुठ्ठा सरकवून माझ्यात डोकावू नका. मला इथे अंधारच बरा वाटतो. पलीकडे कोणीतरी जेवत असते.