डुक्कर कापायच्या आधीचे तीन दिवस

शुक्रवारी अंब्रुश अंगणात सुरीला धार लावत बसला होता. आधीच्या डुकराच्या सॉसेजच्या कच्च्या सारणाची चिमूट त्यानं जिभेवर ठेवली आणि लहान पोरासारखा हसला.

"एमोके, चव लागली गं! मीठ, मिरची, सगळं!"

"तरी म्हणत होते," लेक म्हणाली. "आता उद्या कुणी म्हणणार नाही, म्हातारा जिभेला मुकला म्हणून."

"गोळीचं तुझ्या आईला सांगू नकोस. जीव खाईल माझा."

बुधवारपासून त्यानं रक्तदाबाची गोळी बंद केली होती. त्या गोळीनं तोंड कोरडं पडायचं, झापड यायची, झटकन उठलं की अंधारी. गावातली डुकरं कापणाऱ्याला हे कसं परवडावं? डॉक्टरीणबाईंनी एमोकेच्या समोरच बजावलं होतं, "ही गोळी मेंदूतच काम करते. शिरा आवळायचे, काळीज पळवायचे हुकूम तिथंच दाबून ठेवते. एकदम सोडलीत, तर दाबलेलं सगळं दुपटीनं उसळेल." डॉक्टर असंच घाबरवतात, असं एमोकेला वाटलं होतं.

शनिवारी उजाडताच चौघांनी डुक्कर पाडलं. अंब्रुशचा चेहरा तांब्यासारखा लाल, हात थरथरत होते. सुरी गळ्याऐवजी खांद्यात घुसली. जनावर किंचाळत उसळलं. त्याच्या लाथेनं शेजारच्या गेर्गेयचा गुडघा काटकी मोडावी तसा वाजला. रक्ताचं घमेलं एमोकेच्या अंगावर उपडं झालं. अंब्रुशनं कुऱ्हाड उचलली आणि तिचा मागचा बोथट तुंबा डुकराच्या कवटीत घातला. पुन्हा. पुन्हा.

"बास, अंब्रुशकाका! मेलंय ते!" डुक्कर धरणाऱ्यांतला एकजण ओरडला.

"सरक! नाहीतर तुलाही हाणीन!"

कवटीचा चेंदा झाला तरी तो हाणतच होता. मग कुऱ्हाड गळाली. "डोक्यात कुणीतरी घण घालतंय," एवढं बोलून तो त्याच डुकरावर कोसळला. आचके आले, दातांखाली जीभ तुटली. डॉक्टरीणबाई पोचल्या तेव्हा रक्तदाबाचा पारा दोनशे सत्तरवर होता. मेंदूतली शीर फुटली होती. दुपारी सगळं संपलं.

स्वयंपाकघरात आईनं बाईंचा दंड धरून त्यांना गदागदा हलवलं. "रोज गोळीबरोबर माझ्या हातानं पाण्याचा पेला द्यायचे मी त्यांना! तुझ्याच गोळीनं मारलंस!"



"आई, सोड त्यांना," एमोके म्हणाली. "गोळी ते घेतच नव्हते. बुधवारी मीच बंद करायला लावली. बाईंनी काय बजावलंय ते मला माहीत होतं. मीच लावली."