हातबोशी

"हात खाली घे, दादा," मास्कच्या आतून रुबी म्हणाली. "नर्स बघतेय."

नेहेमियाचा उघडा हात चादरीवर तसाच राहिला. मराठी ज्यूंच्या प्रार्थनालयात पुढे आलेला हात असा कुणी ताटकळत ठेवत नाही. दोन्ही तळव्यांत घ्यायचा, मग आपली बोटं आपल्या ओठांना लावायची, हीच हातबोशी. पण बेर्शेबाच्या इस्पितळातल्या या खोलीत शिरायचं म्हणजे पिवळा झगा, हातमोजे, मास्क, सगळा साज चढवावा लागे. एलातच्या हॉटेलातली धुलाई दुसरीच्या गळ्यात घालून रुबी सकाळच्या बसने आली होती. पाठ नुसती ठणकत होती.

वसंतातल्या पेसाहच्या सणानंतर तिची एक किडनी थोरल्या भावाच्या पोटात बसली. उन्हाळा सुखाचा गेला. मग ताप आला तो हटेना. जंतू असा निगरगट्ट, की एकेका औषधाने त्याच्यापुढे हात टेकले. आता डॉक्टर म्हणत होते, किडनी काढली तर माणूस वाचेल, डायलिसिस पुन्हा मागे लागेल. नेहेमिया मात्र हो म्हणेना.

"तुझं पोट फाडून घेतली मी ती," तो म्हणाला. "आता कचऱ्यात टाकू?"

"कलिंगड खाल्लंस ना उन्हाळाभर? डायलिसिसवर होतास तेव्हा घोटभर पाण्याला तरसायचास. तेवढं काम केलं तिनं. बस झालं."

"मस्करी नको, रुबे. इतकी वर्षं अब्राहामाचं कीर्तन केलं. दिलेलं जपावं, असं लोकांना सांगितलं. माझ्याच्यानं नाय जपवलं."

"मग शेवट का गाळतोस? अब्राहामानं देवासाठी पोटच्या पोरावर सुरी उगारली, तेव्हा देव काय म्हणाला? पोराला हात लावू नको म्हणाला ना? तू जगावंस म्हणून दिली मी. तुझ्याबरोबर पुरायला नाय दिली."

त्याने छताकडे पाहिलं. मग ओठ हलले. 'चालिला अब्राहाम, संगे लेकरू...' दुसऱ्या ओळीवर दम तुटला. आयुष्यभर त्याच्या मागे पेटी घेऊन बसलेल्या रुबीने सवयीने ओळ उचलली, मास्कच्या आत, खालच्या पट्टीत. दारातली नर्स दाना सलाइनची पिशवी हातात धरून थांबली. तिला मराठीचा गंध नव्हता.

पद संपलं. "केन," नेहेमिया नर्सला हिब्रूत म्हणाला. हो. "डॉक्टरला सांग, काढा."

मग त्याने पुन्हा हात पुढे केला. या वेळी रुबीने तो दोन्ही हातमोज्यांत घट्ट धरला. हातमोजे ओठांना लावता येत नाहीत. तिने हात हळूच चादरीवर ठेवला आणि ती बाहेर आली.

मोजे, झगा, मास्क पिंपात टाकून तिने कोपरापर्यंत हात धुतले. ओली बोटं ओठांना लावली. नुसता औषधी साबणाचा वास.

तिने काचेतून आत पाहिलं. नेहेमियाची बोटं केव्हाचीच ओठांवर होती.