हिरवा दिवा

आलेखावर गल्लीतल्या सगळ्या घरांच्या रेघा उड्या मारत होत्या आणि माझ्या सख्ख्या दादाच्या घराची रेघ मात्र जेवून आडवं झालेल्या माणसासारखी तळाशी पसरली होती. तुझ्या भावाच्या घरची हवा माझ्या बंगल्यापेक्षा चांगली दिसते, असं म्हणून माझे मार्गदर्शक सर हसले. मला हसू आलं नाही.

पुढच्या सोमवारी विद्यापीठातल्या कायम जागेची मुलाखत होती. इतकी वर्षं कंत्राटावर घासल्यावर मला समितीपुढे एकच गोष्ट सिद्ध करायची होती, नाल्याच्या अलीकडची मुलं पलीकडच्या मुलांपेक्षा जास्त का खोकतात. अलीकडच्या बाजूला, दादाच्या गल्लीत, घरोघरी कारखान्यासाठी बुटांचे सोल चिकटवतात. चिकटवायच्या सोल्युशनचा डबा, चूल, अंथरुणं, सगळं एका खोलीत. माझी भाचीही तिथंच खोकत मोठी होतेय. हवा मोजायचं यंत्र घरात ठेवायला आधी कुणी तयार नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं बायका मला तोंडावर ऐकवायच्या. हळूहळू बाकीची घरं मिळाली, एक कमी पडलं म्हणून शेवटचं दादाचं धरलं आणि तिथंच माशी शिंकली.

हे घर वगळ, सर म्हणाले. यंत्र आजच्या आज शेजारी लाव, म्हणजे सोमवारपर्यंत नवे आकडे हातात येतील. एक घर कमी पडलं तर समिती तुला सोडायची नाही.

यंत्र एकच होतं. बसची वाट बघायचा धीर मला नव्हता. चालत निघाले आणि वाटभर मनातल्या मनात दादाशी भांडत राहिले.

दादा घरात नव्हता. वहिनी भाकऱ्या थापत होती. तिने सगळं सरळ सांगून टाकलं. पहिल्याच दिवशी दादाने डबा उघडला तसा यंत्राचा दिवा हिरव्याचा लाल झाला. बहिणीचे साहेब काय म्हणतील, म्हणून तो शरमला. डबा, बूट, पाट सगळं उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. बिडीसुद्धा बाहेर. उन्हात बसून आठवडाभर कुरकुरला, पण दिवा हिरवा ठेवलान.

माझं डोकंच फिरलं. रोजच्यासारखं राहा, असं मी शंभरदा बजावलं होतं.

"पाहुणा घरात असला की रोजच्यासारखं कोण राहतं गं?" वहिनी म्हणाली.

मी फळीवरून यंत्र काढलं, वायर गुंडाळली. काहीतरी बोलायचं म्हणून भाची कुठाय असं विचारलं. शाळेत गेलीय, वहिनी म्हणाली. आठवडाभर रोज जातेय. रात्री एकदाही उठून बसली नाही. औषधाचा पंप वर ठेवून दिलाय.

डबा घरातून बाहेर काढ, म्हणून मी दादाच्या किती विनवण्या केल्या होत्या. तक्ते दाखवले, डॉक्टरांकडे नेलं, रडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मला त्याचा भयंकर राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. पोरगी आठवडाभर शांत झोपली होती आणि मी त्याला बिघडलेला आकडा म्हणत होते.

वहिनीने हात धुतले. एरवी ती मला अगं-तुगं करते. नाजूक काही असलं की मगच तिच्या तोंडी वन्सं येतं.

"वन्सं, यंत्र राहू द्या ना. आकडे नाही घेतले तरी चालतील. दिवा तेवढा असू द्या."

मी तिला समजावलं. यंत्र विद्यापीठाचं आहे, आजच शेजारी लावायचंय, माझी नोकरी त्यावर आहे. तिने मान हलवली. सगळं तिला पटलं आणि ती तिथून हलली नाही.

तेवढ्यात मागच्या दाराने दादा आला. हातात उघडा डबा. त्याने आधी फळीकडे पाहिलं, मग माझ्या काखेतल्या यंत्राकडे.

"नेतेयस? सुटलो बाबा," असं म्हणून त्याने डबा आत, अंथरुणाच्या वळकटीशेजारी ठेवला. खोलीभर तो उग्र वास पसरला.

मी वायर उलगडली, यंत्र पुन्हा फळीवर ठेवलं आणि बटण दाबलं. दिवा लागायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही तिघं फळीकडे बघत उभे होतो. सोमवारी समितीपुढे काय बोलायचं, ते मला सुचत नव्हतं.

दिवा लाल लागला. दादाने एक अस्सल शिवी हासडली, डबा उचलला आणि बाहेर गेला.